फेरारी २५० जीटीओ ‘३७६५’: ४२९ कोटी लागले ते नक्की कशाचे?

१३ नोव्हेंबर २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये आरएम सदबीजच्या लिलावात १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ (चासी नंबर ३७६५) ५ कोटी १७ लाख ५ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या साधारण ८३ रुपयांच्या भावाने धरलं तर ४२९ कोटी. जाहीर लिलावात फेरारीला मिळालेली ही तोवरची सगळ्यात मोठी किंमत. आपल्याकडे आता जुन्या गाड्या रिस्टोर करणारे भरपूर झालेत आणि ‘रिस्टोर केली की भाव वाढतो’ हे तर प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं, म्हणून या एका गाडीच्या किमतीचा रिव्ह्यू लिहायला बसलोय, कारण हे वाक्य तपासून बघायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. भाव लागतो तो ही तीच गाडी आहे याच्या पुराव्याला. रंग, पॉलिश, चकचकीत क्रोम हे सगळं त्याच्या मागून येतं, आणि रिस्टोरेशन चांगलं तेच ज्याने तो पुरावा जपला.

आधी गाडीबद्दल. जीटीओ १९६२ ते ६४ मध्ये बनल्या आणि सगळ्या मिळून चाळीसही नाहीत. काम जोत्तो बिझारिनीने सुरू केलं, पण १९६१ च्या शेवटी तो आणि बरेच मोठे लोक एकदम फेरारी सोडून गेले आणि मग मावरो फोर्गिएरी नावाच्या सव्वीस वर्षांच्या इंजिनियरवर ते पूर्ण करायची वेळ आली, आणि पोराने ते असं काही पूर्ण केलं की साठ वर्षं झाली तरी लोक त्या गाडीपुढे हात जोडून उभे राहतात. ३ लिटरचं व्ही१२ इंजिन, वर सहा वेबर कार्बोरेटर, ३०० च्या आसपास हॉर्सपॉवर, पाच गिअर. मागे मात्र तोच जुना सलग ॲक्सल. डॅशबोर्डवर स्पीडोमीटर नाहीच, समोर मोठा आरपीएम मीटर आणि बाजूला तेल-पाण्याचे छोटे मीटर, कारण रेस चालवणाऱ्याला ताशी किती किलोमीटर हे बघून करायचंय काय. बॉडी स्काल्येत्तीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून केलेली, त्यामुळे दोन जीटीओ शेजारी लावल्या तर तंतोतंत सारख्या दिसत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे रिस्टोरेशनला लागणार आहे. अमेरिकेत नवी मिळायची १८ हजार डॉलरला, आणि पैसे असले तरी मिळेलच असं नाही, गिऱ्हाइक कोण आहे ते एन्झो फेरारी स्वतः बघायचा.

आता ही ३७६५ का वेगळी? कारण फेरारीच्या स्वतःच्या टीमने, म्हणजे स्कुदेरिया फेरारीने रेसमध्ये उतरवलेली ही एकमेव जीटीओ. बाकीच्या खाजगी गिऱ्हाइकांनी पळवल्या. हिला ३ च्या जागी ४ लिटरचं इंजिन दिलेलं, साधारण ३९० हॉर्सपॉवरचं. मे १९६२ मध्ये जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या १००० किलोमीटरच्या रेसला माइक पार्क्स आणि विली मेरेस यांनी ही गाडी दुसऱ्या नंबरवर आणली आणि क्लास, म्हणजे तिच्या गटातला पहिला नंबर, जिंकला. पुढच्याच महिन्यात फ्रान्समध्ये ले माँच्या २४ तासांच्या रेसला पार्क्स आणि लोरेंझो बांदिनी, तिथे मात्र रेस पूर्ण झाली नाही. त्यानंतर फेरारीने ३ लिटरचं इंजिन बसवून गाडी इटलीतच विकली, मग ती सिसिलीत डोंगरातल्या घाट-रेसना पळत राहिली आणि १९६५ ला तिथल्या चॅम्पियनशिपमध्ये दुसरी आली. पुढे अमेरिकेत गेली आणि १९८५ पासून ३८ वर्षं ओहायोतल्या एकाच मालकाकडे होती. त्याने ५ लाख डॉलरला घेतल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलेलं.

इथे जरा हिशोब करू, कारण लिलावाच्या बातम्यांमध्ये हा भाग कुणीच नीट सांगत नाही. ५ कोटी १७ लाख ५ हजार ही बोली नव्हतीच. हातोडा पडला ४ कोटी ७० लाखांवर. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने लिलाव कंपनीला द्यायचं कमिशन. पहिल्या अडीच लाख डॉलरवर १२ टक्के म्हणजे ३० हजार, उरलेल्या ४ कोटी ६७ लाख ५० हजारांवर १० टक्के म्हणजे ४६ लाख ७५ हजार. बेरीज ४७ लाख ५ हजार. नुसतं कमिशन आपल्या पैशात ३९ कोटींच्या घरात. म्हणून दोन गाड्यांच्या किमती ताडून बघताना हातोड्याचा आकडा हातोड्याच्या आकड्याशी आणि कमिशन धरून आलेला तशाच आकड्याशी लावायचा, नाहीतर दहा टक्क्यांचा घोळ तिथेच होतो. विकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ५ लाखाचे ४ कोटी ७० लाख, ३८ वर्षांत ९४ पट, म्हणजे दर साल पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास चक्रवाढ. त्यातून ३८ वर्षांचा विमा, मेन्टेनन्स, रिस्टोरेशन, गाडी ठेवायची जागा हे सगळं वजा करायचं. तरी परतावा जबरदस्तच, पण ‘पाच लाखाचे पन्नास मिलियन’ असं ऐकताना जेवढा जादूसारखा वाटतो तेवढा नाही.

खरी मजा पुढे आहे. २०१४ ते २०२३ या काळात जाहीर लिलावात तीन जीटीओ येऊन गेल्या आणि तिन्हींची गोष्ट वेगवेगळी, त्यामुळे बाजार कशाला किती पैसे देतो हे समोरासमोर ठेवून बघता येतं. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात बोनहॅम्सने ३८५१ नंबरची विकली, ३ कोटी ८१ लाख १५ हजार. ही गाडी १९६२ मध्येच माँलेरीच्या ट्रॅकवर जबरदस्त ठोकली गेलेली, तिच्यात ऑन्री ओरेये हा फ्रेंच ड्रायव्हर, आधी स्कीइंगमधला ऑलिम्पिक चॅम्पियन, जीवानिशी गेला. नंतर गाडी दुरुस्त झाली आणि १९६५ पासून एकाच इटालियन संग्राहकाकडे चाळीसहून जास्त वर्षं राहिली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातच माँटेरेला आरएम सदबीजने ३४१३ विकली, ४ कोटी ८४ लाख ५ हजार. हातोडा ४ कोटी ४० लाख, वरच्याच हिशोबाने ताडून बघा, बरोबर येतं. हिची कधी मोठी धडक नाही, मूळचं इंजिन, मूळचा गिअरबॉक्स, मूळचा मागचा ॲक्सल सगळं जागेवर. आणि तिसरी ही ३७६५.

आता गंमत बघा, ३४१३ ची बॉडी मूळची नाही! १९६४ मध्ये स्काल्येत्तीकडेच तिच्यावर नवीन डिझाइनची, सिरीज २ ची बॉडी चढवली. तरी २०१८ चा विक्रम तिचाच. का? बदल कारखान्याच्या माणसांनी केला, त्याच काळात केला, रेससाठी केला, आणि त्याची नोंद आहे. त्या नव्या बॉडीत ती सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ रेसमध्ये क्लास जिंकून आली. म्हणजे बदल हा गाडीच्या आयुष्याचाच भाग झाला. तोच बदल कुणी १९८८ मध्ये ‘जास्त छान दिसते’ म्हणून केला असता तर लिलावात तोंड लपवायची वेळ आली असती. ३७६५ मध्येही तेच, ४ लिटरचं काढून ३ लिटरचं फेरारीने स्वतः बसवलं म्हणून लोकांनी मान्य केलं. पण माझं स्पष्ट मत आहे की ३७६५ ला अपेक्षेपेक्षा कमी भाव आला त्याचं मोठं कारण हेच असणार, कारण जिच्या जोरावर ती न्युर्बुर्गरिंगला दुसरी आली ती ४ लिटरची गाडी वेगळी आणि पुढे आयुष्यभर ३ लिटरवर पळालेली गाडी वेगळी, घेणाऱ्याच्या मनात कुठेतरी हे येणारच.

आणि महागाईचं कुणी बोलतच नाही. २०१४ ते २०१८ मध्ये जीटीओ २७ टक्क्यांनी चढली. २०१८ ते २०२३ मध्ये फक्त पावणेसात टक्के, आणि त्याच काळात अमेरिकेतली महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे ‘नवा विक्रम’ हा कागदावरचा, खऱ्या अर्थाने ३४१३ चाच भाव जास्त होता. बातम्यांमध्ये मथळा ‘रेकॉर्ड’ असा आला, त्यावर जाऊ नका.

रिस्टोरेशनकडे येतो, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मी कोल्हापूरचा, रोजचं काम फौंड्री आणि मशिनिंगचं, त्यामुळे ही असली इंजिनं बघताना नजर आपोआप ब्लॉकवर जाते. जीटीओचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा. साठ वर्षं तापून-निवून, रेसमध्ये झोडपून काढलेल्या ॲल्युमिनियम कास्टिंगला तडे जातात, पाण्याच्या जॅकेटला गंज खातो, बोल्टांचे आटे जातात. सोपा उपाय म्हणजे नवीन ब्लॉक ओतून घेणे, आजकाल युरोपात उत्तम ओतून मिळतात, आणि खरं सांगायचं तर मटेरियल म्हणून नवीन ब्लॉक जुन्यापेक्षा चांगलाच असतो. पण जुन्या ब्लॉकवर नंबर ठोकलेला असतो. फेरारीत तर इंजिन नंबर वेगळा आणि जुळणीच्या वेळचा आतला नंबर वेगळा, आणि दोन्ही कारखान्याच्या नोंदवहीशी ताडून बघतात. त्या नंबराची अक्षरं कुठल्या पंचाने ठोकली, कुठला आकडा जरा तिरका बसलाय, आजूबाजूच्या पृष्ठभागावर ओतकामाची मूळची खरखर आहे की ग्राइंडर फिरलेला दिसतोय, हे बघणारे लोक भिंग घेऊन बसतात. एखाद्या मशिनवाल्याने फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायला, ब्लॉक चढवला आणि नंबरची पट्टी पाव मिलिमीटर उडवली तर इंजिन आधीपेक्षा सरस चालेल आणि किंमत मात्र कोट्यवधींनी पडेल. म्हणून तिथले चांगले रिस्टोरर तडा वेल्ड करतात, लायनर बदलतात, आटे भरून परत पाडतात, पण नंबरची जागा झाकून ठेवतात. वेळ तिप्पट लागतो. तो तिप्पट वेळच पुढे लिलावात वसूल होतो.

पत्र्याचंही तसंच. हाताने ठोकलेली बॉडी, डावा-उजवा मडगार्ड थोडा कमीजास्त. नवशिका रिस्टोरर काय करतो तर दोन्ही बाजू कॉम्प्युटरवर मोजून एकसारख्या करतो. झाली गाडी सुंदर, आणि गेला स्काल्येत्तीचा हात! मूळ पत्रा शक्य तितका ठेवून फक्त सडलेला तुकडा कापून तिथे नवीन जोडणं, आतल्या बाजूने जुन्या हातोड्याच्या खुणा तशाच राहू देणं, हे कौशल्य. चाकाच्या खाचेत आतून हात घालून बघणारा तज्ज्ञ त्या खुणा चाचपून बघतो, बाहेरच्या लाल रंगाकडे तो सगळ्यात शेवटी बघतो.

आणि पुराव्यालाच पैसे लागतात हे कुणाला पटत नसेल तर २०२३ च्याच ऑगस्टमध्ये माँटेरेला काय झालं ते बघा. १९५४ ची फेरारी ५०० मोंदियाल, रेसमध्ये ठोकली गेली, जळाली, मग अनेक दशकं तशीच पडून. लिलावात आली तेव्हा बॉडी म्हणजे चुरगळलेला, जळलेला, गंजका सांगाडा, भंगारवाला वजनावर घेईल अशी अवस्था. १८ लाख ७५ हजार डॉलर! साडेपंधरा कोटी रुपये! रिस्टोरेशन शून्य. पण ती कुठली मोंदियाल, इटलीतल्या मिले मिलिया रेसला कुणी चालवली, मधल्या काळात कुणाकुणाकडे होती ही साखळी पक्की. घेणाऱ्याने त्या साखळीचे पैसे दिले, गाडी त्याला पुढे जवळजवळ नव्याने उभी करावी लागणार हे माहीत असून. उलट बाजूने ॲस्टन मार्टिन डीबीआर१ बघा, २०१७ ला २ कोटी २५ लाख ५० हजार डॉलर, १९५९ ला स्टर्लिंग मॉसने न्युर्बुर्गरिंग जिंकलेली गाडी. तिच्यात पळवायला म्हणून नव्याने बनवलेलं इंजिन बसवलेलं आणि मूळचं इंजिन सोबत जपून दिलेलं. मला ही पद्धत सगळ्यात आवडते. गाडी पळायलाही हवी, नाहीतर रेसगाडी कसली, आणि मूळ वस्तू फुटताही कामा नये.

हे सगळं आपल्याला कशाला, असं म्हणाल, तर माझ्या मामांच्या फियाट ११०० चं सांगतो. गाडी एका मालकाची, घरातच वाढलेली. इथल्याच एका गॅरेजला रिस्टोरला दिली. परत आली ती दिसायला नवी नवरी, पण चासीची रिव्हेट मारलेली पट्टी गायब, मूळचा कार्बोरेटर ‘भंगारात गेला हो’, स्टिअरिंगवरचा बिल्ला दुसऱ्याच मॉडेलचा, आणि चासी नंबरवर इतका जाड रंग आणि लांबी (पुट्टी) की आरटीओला पेन्सिलचा छाप घ्यायला गेल्यावर निम्मे आकडे उमटेनात. मामा काही बोलले नाहीत पण त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून आठवतो. आपल्याकडे २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचा केंद्राचा नियम आहे, पन्नास वर्षांहून जुनी गाडी, व्हीए सिरीजचा नंबर, २० हजार फी, आणि अट हीच की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. म्हणजे सरकारसुद्धा तेच म्हणतंय जे न्यूयॉर्कचा बोली लावणारा म्हणतो. तुम्ही जीप करा, फियाट करा, येझदी करा, काढलेला प्रत्येक भाग खोक्यात भरून परत मागा, रंग खरवडल्यावर उघड्या पत्र्याचे फोटो काढायला लावा, बिलं जपा. गॅरेजवाला कुरकुर करेल, करू द्या.

लिलाव कंपनीच्या कामाबद्दलही लिहायला हवं कारण रिव्ह्यू अर्धा त्याचाच आहे. ३७६५ ला त्यांनी नेहमीसारखं शंभर गाड्यांच्या रांगेत न ठेवता न्यूयॉर्कला सदबीजच्या आधुनिक चित्रांच्या आठवड्यात एकटीलाच मांडलं. त्याच्या पाचच दिवस आधी तिथे पिकासोचं एक चित्र १३ कोटी ९० लाख डॉलरच्या वर गेलेलं. कल्पना अशी की चित्रं घेणारा पैसेवाला गाडीकडेही कलाकृती म्हणून बघेल, आणि त्याला आधारही आहे, बोलोन्याच्या कोर्टाने २०१९ मध्ये जीटीओच्या डिझाइनला कलाकृती म्हणून संरक्षण दिलेलंच आहे, नकला बनवण्यावर बंदी आणून. मांडणी, इतिहासाची जुळवाजुळव, फोटो, सगळं उच्च दर्जाचं. याच कंपनीचा २०१९ चा पोर्शे टाइप ६४ चा गोंधळ आठवत असेल, बोली १ कोटी ७० लाख आणि पडद्यावर ७ कोटी झळकले, सेव्हन्टीन आणि सेव्हन्टी ऐकण्यातला फरक, आणि शेवटी गाडी विकलीच गेली नाही. या वेळी तसलं काही नाही, बोली स्वच्छ झाली.

पण अंदाज चुकला आणि तो त्यांच्याच अंगाशी आला. आधी जाहीर केलेला ६ कोटींच्या वर. त्यामुळे ४ कोटी ७० लाखांवर हातोडा पडला तेव्हा जगातल्या तोवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लिलाव-किमतीची गाडी विकली जात असतानाही हवा अपेक्षाभंगाची होती. (पहिली अर्थातच मर्सिडीजची ३०० एसएलआर कूपे, २०२२, स्टुटगार्ट, १३ कोटी ५० लाख युरो. पण ती कारखान्याने स्वतः विकलेली, मूठभर निवडक लोकांना बोलावून, दोनच बनलेल्यांपैकी एक आणि रेसमध्ये कधी न धावलेली, त्यामुळे तिच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.) २०१८ मध्ये एक जीटीओ खाजगीत ७ कोटींना गेल्याचं छापून आलं होतं, ६ कोटींचा आकडा बहुतेक तिच्यावरून बांधला असणार. खाजगी सौद्यात दोन माणसं असतात आणि त्यातल्या एकाला तीच गाडी हवी असते. जाहीर लिलावात भाव दुसऱ्या नंबरचा बोली लावणारा ठरवतो, तो जिथे थांबला तिथून एक पायरी वर गाडी जाते.

मार्क द्यायचे तर गाडीला पाचपैकी पाच, मांडणीला साडेचार, अंदाज बांधण्याला अडीच. आणि ४ कोटी ७० लाख ही किंमत घेणाऱ्याच्या फायद्याची झाली असं माझं मत, कारण स्कुदेरियाने पळवलेली जीटीओ दुसरी नाहीच आणि ३८ वर्षं एकाच हातात राहिल्यामुळे मधला काळ स्वच्छ आहे. पण ३४१३ आणि ३७६५ दोघी एकाच दिवशी एकाच हॉलमध्ये उभ्या असत्या तर मी हात वर केला असता तो ३४१३ साठी. बॉडी बदललेली असली तरी खाली तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तोच ॲक्सल.